बांध कोरल्याचा फोन

करोनाच्या वॉर्डातच भगवंतरावांना झटका आला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि वाचा गेली. "रोज बोलतं करा त्यांना," डॉक्टरांनी बजावलं. बायको कुशाबाई गावाकडून, निमगाव सावाहून, फोनवर "अवं, बोला की!" म्हणून थकल्या.

तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाचा, गोरखचा फोन आला. शेताच्या बांधावरून दोघांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. नर्सनं फोन भगवंतरावांच्या कानाशी धरला.

"दादा, तू दवाखान्यात हाईस तवर म्या बांध हातभर कोरला."

"गो... गो..."

"उद्या आजून हातभर कोरतो."

गोरखचा फोन रोज येऊ लागला. दुसऱ्या फोनला "गोरख्या" पूर्ण आलं. चौथ्या फोनला त्यापुढची शिवी आली. पंधराव्या फोनला सगळ्या वॉर्डानं कान टवकारले, आणि डॉक्टरांनी कागदावर 'वाचा स्पष्ट' असं लिहून घरी सोडलं.

भगवंतराव काठी टेकत थेट बांधावर गेले. बांध होता तिथंच होता. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"लबाडा, बांध तर जागच्या जागी हाय!"

"हाय की. मग?"

"मग उद्या काय सांगून फोन करणार तू?"