चार इंच आखूड

"गिटार नंतर. आधी हात दाखवा, काका," मेहरुन म्हणाली.

ज्योएल डाबरेंनी डावा हात पुढे केला. वसईच्या चर्चमध्ये ते चाळीस वर्षं बेस गिटार वाजवायचे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बोटं फाकेनाशी झाली. शेवटचा उपाय म्हणून बायकोने, रेजिनाने, त्यांना मिरजेला मेहरुनकडे आणलं होतं. मेहरुनच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनत. बेस गिटार तिने कधी उघडूनही पाहिली नव्हती. तिने त्यांची बोटं किती फाकतात ते मोजलं, मग गिटारवरच्या पट्ट्यांमधलं अंतर.

"चार इंच आखूड मानेची नवी गिटार केली तर पट्ट्या जवळ येतील, बोटं पोचतील. पण आखूड तार सैल पडते. आवाज बदलेल."

"किती?"

"तेच मलाही बघायचंय."

दोन महिन्यांनी नवी गिटार त्यांच्या मांडीवर होती. मान सागाची, अंग सतारीला वापरतात त्या हलक्या तुणाच्या लाकडाचं. बोटं पोचली, पण सगळ्यात खालचा सूर नुसताच भणभणला. मेहरुनने ती तार काढून जाड तार चढवली.

ज्योएलनी पुन्हा छेडली. जुन्या बेसचा खणखणीतपणा गेला होता. हा आवाज गोल होता, मऊ होता आणि थेट छातीला जाणवत होता.

"हा तुमचा आवाज नाही," रेजिना हळूच म्हणाली.

"नाही," ते म्हणाले. त्यांनी तीच तार पुन्हा छेडली आणि कान देऊन ऐकली. "याची ओळख करून घ्यायला हवी. रविवारच्या प्रार्थनेला चारच दिवस आहेत."