सातशेचे सतराशे

“काका, तुमची लबाडी पकडली गेली,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी दोन कागद पलंगावर शेजारी शेजारी ठेवले.

काका म्हणजे कोपऱ्यातल्या पलंगावरचे निवृत्त पोस्टमास्तर. रक्तवाहिनीत गाठ अडकून त्यांचं बहुतेक आतडं गेलं, त्याला अकरा महिने झाले होते. उरलं ते जेमतेम अडीच हात; त्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावलेली. खाल्लेलं अंगी लागेना, म्हणून रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत छातीतल्या नळीतून अन्नाचं सलाईन. ते लावायला लेक सासरहून आली. हात कसे धुवायचे, नळीचं तोंड कसं पुसायचं, हे तीन आठवडे वॉर्डात बसून शिकली आणि तेव्हापासून बापाचं घर धरून राहिली. इतक्या महिन्यांत नळीला एकदाही जंतू शिवला नाही. डॉक्टर इतर नातेवाइकांना येता-जाता तिचंच उदाहरण देत. ते ऐकून ऐकून नातेवाईक कंटाळले होते.

“हा तुमच्या घरचा कागद,” डॉक्टर म्हणाल्या. “पोटावरच्या पिशवीत दिवसाला किती मिलिलिटर पडलं? सतराशे, अठराशे, सतराशे. आणि हा आमचा. इथे तीन दिवस सिस्टरांनी मोजलं. सातशे, आठशे, सातशे. आमच्या वॉर्डाची हवा इतकी चांगली असती, तर मीच इथे पलंग अडवून बसले असते.”

काका हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. त्यासाठीच तर त्यांना दाखल करून घेतलं होतं. पिशवीत जितकं जास्त पडेल, तितकं खाल्लेलं अंगी कमी लागतं; घरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून डॉक्टरांनी सलाईन पूर्ण चालू ठेवलं होतं, आणि गरज नसलेलं ते अन्न आता यकृताला सोसवत नव्हतं. घरी दिवसभराचं मोजून काका बेरीज तोंडी सांगत आणि लेक लिहून घेई. म्हणजे फुगवून सांगणारा कोण, हे उघड होतं. म्हणूनच डॉक्टरांनी लेकीला औषधं आणायला खाली पिटाळलं होतं. बापाची लाज तिच्यासमोर काढायची नव्हती.

ही लबाडी डॉक्टरांच्या ओळखीची होती. त्यांचे वडील दूरच्या गावी एकटे राहत. छातीत दुखतंय म्हणून फोन करत. दोनदा त्या हातातलं सगळं टाकून धावल्या. दोन्ही वेळा वडील दारात ठणठणीत उभे, वर चहाचं आधण ठेवलेलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोनवरच वडिलांना फैलावर घेतलं. त्यानंतर वडील कधी दुखतंय म्हणालेच नाहीत. गेले तेव्हाही नाही. आता घरी गेल्यावर डॉक्टरांना कुणाचा फोन येत नसे, आणि आला की तो वॉर्डातूनच असे.

“माझा चष्मा द्या जरा,” काका म्हणाले.

चष्मा लावून त्यांनी घरचा कागद नाकाजवळ धरला. आकड्यांवरून बोट फिरवलं. एका ओळीवर ते थांबले, मग खालच्या, मग त्याच्याही खालच्या. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा सबब शोधतोय.

“हो,” काका शेवटी म्हणाले. “मीच वाढवून सांगायचो. तिला यातलं काही बोलू नका.”

“ती जाईल म्हणून?”

“तसंच समजा. सलाईन आणखी काही महिने चालवता येणार नाही का?”

“काका, मरायचंय का तुम्हाला?”

“लगेच नाही ना पण मरणार?”

डॉक्टरांना राग आला. एखाद्या माणसानं सोबतीची इतकी हाव धरावी! त्या काही बोलणार, तेवढ्यात औषधांची पिशवी घेऊन लेक आली.

“चांगली बातमी आहे,” डॉक्टर उसन्या उत्साहानं म्हणाल्या. “अडीच हात आतड्यानं कमाल केली. सलाईन आजपासून निम्मं, महिनाभरात पूर्ण बंद. सुटलात तुम्ही. आता खुशाल आपल्या सासरी जा.”

लेकीनं पिशवी खाली ठेवली नाही. “आणि डोळे पिवळे झाले ते?”

“जास्तीच्या सलाईननं. आणखी उशीर झाला असता तर यकृत कायमचं गेलं असतं.” डॉक्टर जरा घुटमळल्या. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. “आकडेच फुगवलेले होते. बाबांवर रागावू नका. तुम्ही जाऊ नये, एवढंच होतं त्यांच्या मनात.”

“झालं गेलं, सोडा,” काका घाईनं म्हणाले. “चूक माझी.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“बाबा सातशेच सांगायचे,” ती म्हणाली. “त्याच्या आधीचा एक मी मांडायचे.”

“गप बस, बाळा.”

“मला वाटलं, जास्त गेलं तर फार तर वजन वाढेल. यकृताचं माहीत असतं तर हात तोडून घेतला असता, बाबा.” तिला रडूही धड येत नव्हतं.

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. अकरा महिन्यांत हिला भेटायला, न्यायला कुणी आल्याचं त्यांना आठवेना. “पण का?” त्यांनी विचारलं.

“आजारी बापाजवळ राहिलेल्या मुलीला,” ती म्हणाली, “कुणी विचारत नाही हो, सासरी परत कधी जाणार म्हणून.”