कोपराचं माप

जीपमधून यंत्र उतरलं, तरी पोशी आत डोकावून बघतच राहिली. आणखी कोणी उतरलं नाही.

"हरेश सर नाही आले, मावशी," पुण्याहून आलेली नीता म्हणाली. "त्यांचं काम आराखड्याचं. चाचणीचं काम आमच्याकडे असतं."

हरेश पोशीचा धाकटा. सहा वर्षांपूर्वी सूर्यमाळ गाव सोडून जर्मनीतल्या कंपनीत गेला, तो फोनवरच उरला. 'आये, नागली झोडायचं यंत्र बनवतोय. तुजं दांडकं सुटंल आता,' म्हणायचा. यंत्र येईल तेव्हा बनवणाराही येईल, असं ती आपली धरून चालली होती. कंपनीचा कारभार तिला काय ठाऊक! आराखडा जर्मनीत, दातेरी चाकं व्हिएतनामची, जोडणी पुण्यात आणि नागली सूर्यमाळची. यंत्र अर्धं जग पालथं घालून आलं. ज्याच्या डोक्यातून ते निघालं, त्याला तेवढं खुर्चीतून उठायला फावलं नव्हतं.

खळ्यावर बाया जमल्या. शेजारच्या कमूने हँडल गरागरा फिरवलं. कणसांतून नागली भराभर सुटली, बाया हरखल्या. मग पोशी उभी राहिली. हँडल वर आलं की तिचा हात पार खांद्याच्या वर जात होता. चार फेऱ्यांतच तिला धाप लागली.

नीता गोंधळली. "असं कसं होईल? उंची तर तुमच्यावरूनच ठरलीय. सरांनी व्हिडिओवर उभं राहून हाताने दाखवलं होतं. म्हणाले, माझ्या आईचं कोपर इथं येतं, मला पक्कं ठाऊक आहे."

पोशीने आपलं कोपर हँडलशी लावून पाहिलं.

"तो गेला तवा येत व्हतं," ती म्हणाली.

आपली पाठ कधी वाकली, ते तिलाही कळलं नव्हतं. आज कळलं. आणि पोराच्या मनात आपण अजून ताठ उभ्या आहोत, हेही कळलं.

"एवढंच ना, मावशी?" नीताने हसून टेप काढली. "चार बोटांचा तर फरक. नवं माप घेते, आजच्या आज पाठवते. त्यांना यायचीसुद्धा गरज नाही."

पोशीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माप मी तुला देनार नाय, बाई. ज्याचं चुकलं, त्यालाच घ्यायला धाड."