जोंगिमचा झगा

चर्चची वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालताना तिखटाचा डबा सापडेना, तेव्हा ओक्बुन सगळ्यांदेखत म्हणाली होती, "जोंगिमची पिशवी बघा."

आज रविवारी सकाळी तो डबा ओक्बुनच्याच कपाटात निघाला. घाईघाईने लपवताना तिखट ब्लाउजवर सांडलं, आणि त्या गडबडीत गायनाचा पांढरा झगा घरीच राहिला.

चर्चमध्ये जोंगिमने तो लाल डाग पाहिला. काही न विचारता स्वतःचा गायनाचा झगा काढून तिच्या अंगावर चढवला. "ताई, गळ्यापर्यंत बटणं लावा. काही दिसणार नाही."

"आणि तू?"

"मी मागे बसते. त्या दिवसापासून माझ्याकडे लोक तसेही बघतातच."

पाळक प्रार्थनेत म्हणाले, "प्रभू, तुझं नीतिमत्त्व आमच्या छातीवरचं चिलखत होवो."

सगळे आमेन म्हणाले. ओक्बुनला म्हणवेना. ती सगळ्यांसमोर आली आणि गळ्याचं बटण सोडू लागली.