तिसऱ्यांदा लाल

वेधशाळेचा दुपारचा इशाऱ्यांचा नकाशा बाहेर पडायची वेळ होत आली होती आणि पूर्वेकडच्या एका पट्ट्याला कोणता रंग द्यायचा, हे तिचं अजून ठरत नव्हतं. नारिंगी, म्हणजे सावध राहा, की लाल, म्हणजे सगळं सोडून आसरा गाठा?

समोरच्या पडद्यांवर अख्खं खंड पसरलं होतं. उन्हाळा सरत आला होता, पण जाता जाता सगळी कसर भरून काढत होता. दक्षिणेच्या समुद्रावरून दमट हवा आत घुसली होती. पश्चिमेच्या डोंगरांवरून थंड वारे येऊन वर पोहोचले होते. त्या दोघांच्या मध्ये कोरड्या, तापलेल्या हवेचा एक थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसला होता. झाकण टिकलं, तर संध्याकाळ नुसती घाम पुसण्यात जाणार. उडालं, तर लिंबाएवढ्या गारा आणि छपरं उचलून नेणारा वारा.

त्या पट्ट्यात तिचं माहेर होतं. तिथे तिची आई एकटी राहत होती.

या उन्हाळ्यात दोनदा तिने तो पट्टा लाल केला होता आणि दोन्ही वेळा झाकण जागचं हललं नव्हतं. पहिल्यांदा शाळेच्या स्पर्धा रद्द झाल्या, दुसऱ्यांदा आठवड्याचा बाजार. आभाळातून एक थेंब पडला नाही. रेडिओवरच्या निवेदकाने तर ऐकणाऱ्यांना सांगूनच टाकलं, वेधशाळेने लाल इशारा दिला की निर्धास्त कपडे वाळत घाला.

हसणाऱ्यांचं तिला काही वाटत नव्हतं. पण त्या गावातल्या निम्म्या लोकांना आईने शाळेत शिकवलेलं. इशारा कोणी दिला, हे तिथे कुणाला विचारावं लागत नव्हतं. बाईंची मुलगी! आणि हल्ली आईचा फोनही लवकर आटपायचा. पूर्वी ती शेजारच्या मांजराला किती पिल्लं झाली इथपासून सुरुवात करायची. आता मात्र, "ठेवते गं, जरा गडबडीत आहे," एवढंच. एकट्या बाईला कसली आलीय गडबड? लोक टोमणे मारत असणार आणि आई ते गिळून टाकत असणार, असं तिने मनाशी धरलं होतं.

साहेब चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

"नारिंगी करा, मॅडम," ते हळूच म्हणाले. "पुन्हा फुसका बार निघाला, तर खऱ्या वेळी कोणी जागचं हलणार नाही."

"आणि आजच ती खरी वेळ असली तर?"

साहेबांनी कप तिच्यापुढे ठेवला आणि ते आपल्या टेबलाकडे गेले.

तिने नारिंगी निवडला. मग वरची हवा मोजायला दुपारी सोडलेल्या फुग्याची आकडेवारी आली. झाकण पातळ झालं होतं. फार नाही, थोडंसं. तिने डोळे मिटले आणि स्वतःला विचारलं, त्या घरात माझी आई नसती, कोणी परकी म्हातारी असती, तर मी काय केलं असतं?

तिने लाल केला आणि नकाशा पाठवून दिला.

ऊन कलायला लागलं आणि झाकण उडालं. रडारवर आधी एक ठिपका दिसला. बघता बघता तो जांभळा झाला, फुगला आणि सरळ तिच्या माहेरावर चालून गेला. तिने आईला फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. मग रिंगही वाजेना.

तिची कामाची पाळी कधीच संपली होती. साहेबांचीही संपली होती. ते आपली खुर्ची ओढत आले आणि तिच्याशेजारी बसले.

जांभळा ढग गावावरून पुढे सरकला. अंधार पडता पडता तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"अगं ठमे, मी बोलतेय!" आईच ती. "हा बेकरीवाल्याचा फोन. माझा वर राहिला."

"आई! बरी आहेस ना?"

"मी चांगली आहे. छप्पर मात्र गेलं. समोरच्यांचंही गेलं. गल्लीत धड काच म्हणून उरली नाही बघ."

"आणि माणसं?"

"माणसं सगळी माझ्या तळघरात. एकूण एक! कुणाला साधं खरचटलंही नाही. समोरचे आजोबा तर मांजराला शालीत गुंडाळून बसलेत."

फोनवर मागे कोणीतरी हसत होतं, एक पोर रडत होतं. तिने कपाळ टेबलावर टेकलं. साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मला वाटलं, या खेपेला कोणी ऐकणारच नाही," ती कशीबशी म्हणाली. "दोनदा मी तुम्हाला सगळ्यांना उगाच खाली बसवलं..."

"उगाच कसलं?" आई म्हणाली. "गल्लीत तळघर आहे ते माझ्याच घराला. पहिल्यांदा आले ते सगळे अंग चोरून बसले. दुसऱ्यांदा बेकरीवाल्याने केक आणला, आजोबांनी पत्ते आणले. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी दारात हजर, बाई, लेकीचा लाल आता कधी? अगं, आज गावात वादळाचा भोंगा वाजला, तेव्हा आमचा पहिला डाव संपतसुद्धा आला होता!"