राजेळीचा वास

दिवेलागणीला बळीराम वाडीतून आला, ओट्याखाली पाय धुतले आणि दारात उभं राहून तोंड उघडलं. आतून हंसा आली. ओले हात पदराला पुसत तिने नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. सकाळचं दूध नासलंय का, हे बघतात तसं.

गेले चौदा महिने गास गावातल्या त्या घरात रोज संध्याकाळी हे चाललं होतं. हंसाने कधी मागितलं नव्हतं. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आला त्याच दिवशी बळीराम आपणहून असा उभा राहिला होता, खाली मान घालून. आणि 'राहू दे, कशाला' असं तीही म्हणाली नव्हती. दुधाने तोंड पोळलेली बाई ती. ताक समोर आलं तर फुंकणारच.

आज मात्र तिचं नाक मध्येच थांबलं. ती एक पाऊल मागे सरली.

"कसला वास हा?"

कसला ते बळीरामला चांगलं ठाऊक होतं. दोन दिवस आभाळ भरून आलं होतं. मागच्या वाडीत बांबूच्या मांडवावर सोलून वाळत घातलेली राजेळी केळी उन्हावाचून आंबली होती. केळी सुकवून सुकेळी करायचं, बापामागे बंद पडलेलं काम त्याने यंदाच पुन्हा धरलं होतं. बाप म्हणायचा, सुकेळी डोळ्यांनी नाय, दातांनी बगायची. म्हणून बळीरामने मांडवाच्या मधलं एक केळं चावून पाहिलं, जीभ चरचरली तसं थुंकून टाकलं. काळजीच्या भरात पाय तेवढे धुतले, चूळ भरायची राहिली.

एवढंच तर होतं. पण सांगायचं कसं? आजवर त्याने तिला काय काय सांगितलं होतं! वास खोकल्याच्या औषधाचा आहे. शेजारच्या रॉकीच्या घरच्या लग्नात सिरक्यातलं मटण खाल्लं, त्याचा आहे. एकदा तर, पेट्रोल पंपावर उभा होतो, असंही ठोकून दिलं होतं. खोटं बोलताना हा गडी कधी अडखळला नाही. आज खरं सांगायची वेळ आली, तर ते त्या सगळ्या थापांपेक्षा लंगडं वाटत होतं.

"केळी आंबली," तो म्हणाला. "मी एक चावून बगितलं."

त्याच्या स्वतःच्या कानांनाही ते पटलं नाही.

पायात चपला सरकवून हंसा मागच्या वाडीकडे निघाली. बळीराम ओट्यावरच थांबला. तिथून मांडव दिसत होता. मागोमाग जावं, दाखवावं, शपथ घ्यावी असं त्याला फार वाटलं. पण पूर्वीही तो असाच तिच्या मागे मागे बडबडत फिरायचा. म्हणून खांबाला धरून तो नुसता उभा राहिला.

तिने आधी केळीच्या बुंध्यांमध्ये पाहिलं. मग पाण्याच्या पिंपामागे. मग पदर खोचून मांडवाखाली वाकली. बाटल्या कुठे कुठे असायच्या ते तिला त्याच्याइतकंच पाठ होतं. बळीरामला वाईट वाटलं, पण राग आला नाही. शोधू दे, त्याच्या मनात आलं. नीट शोधू दे.

मग ती सरळ झाली. मांडवाच्या मधलं एक केळं उचललं, हुंगलं आणि दातांनी तोडलं.

परत आली ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता तुमी हुंगा," ती म्हणाली आणि तिने आ केला.

बळीराम वाकला. तोच वास, आंबट, उग्र. त्याला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

"काय हंसाबाई," तो म्हणाला, "आज कोनाबरोबर बसली होतीस?"

तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. चांगली जोरात.

"सगळी गेली का ती?"

"मधली गेली. कडेची वाचतील, उद्या ऊन पडलं तर."

"गेलेली म्हशीला घालू. पन जरा बेतानं घाला. नायतर तिला पन त्या केंद्रात न्यावं लागंल."

ज्या गोष्टीवरून त्या घरात ताटं फेकली गेली होती, माहेरच्या पिशव्या भरल्या गेल्या होत्या, तिच्यावरून दोघं पहिल्यांदाच हसली. मग टोपली घेऊन मांडवापाशी बसली आणि दिसेनासं होईपर्यंत एकेक केळं हुंगून निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि टिकलं.

चौथ्या संध्याकाळी बळीरामने ओट्याखाली पाय धुतले, दारात उभा राहिला आणि सवयीने तोंड उघडलं. हंसा आतून आली. तिने नाक काही जवळ नेलं नाही. मधाच्या रंगाचं एक सुकेळं त्याच्या उघड्या तोंडात घातलं.

"झालं का बगा," ती म्हणाली आणि तव्यावर भाकरी होती म्हणून घाईने आत गेली.