पोपटाचा खोकला

बायको जाऊन महिना होत नाही तोच पोपट खोकायला लागला, आणि निवृत्त कॅशियर कासावीस झाले. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा त्यांचा लौकिक. पण घरात बोलणारं आता तेवढंच उरलं होतं. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर पायलीचे पन्नास, पक्ष्यांचा काही मिळेना. अखेर दोन बस बदलून एकाला गाठलं. पुढच्या औषधपाण्याची सोय म्हणून बँकेतली ठेवही मोडली होती, ते आल्याआल्या डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी पोपटाची छाती तपासली, चोच उघडून घसा पाहिला आणि ते हसले.

"काका, पैसे परत बँकेत टाका. पक्षी ठणठणीत आहे. ऐकलेल्या खोकल्याची नक्कल करतोय लबाड! घरात कोण खोकतं?"

"कोणी नाही हो. मी एकटाच असतो, आणि मला साधी शिंकसुद्धा येत नाही."

पिंजऱ्यात पोपट पुन्हा खोल, कोरडी ढास लागल्यासारखा खोकला. मग जरा दम घेऊन बाईच्या आवाजात म्हणाला,



"राहू द्या हो, उगाच डॉक्टरचा खर्च कशाला? होईल आपोआप बरं."